तिसरा

गाडी सोळा वर्षांची, म्हणून कनुभाई म्हणाले,
"बेन, फुल इन्शुरन्स शा माटे? थर्ड पार्टी बस छे."
दांडिया बाजारात त्यांच्या ओट्यावर बसून
चहा संपायच्या आत मी सही केली.

कागदावर पहिली मी, दुसरी कंपनी.
तिसरा कोण, ते लिहिलेलं नव्हतं.
लिहिणार तरी काय? तो अजून
छोटा उदेपूरहून बसमध्ये चढलाही नव्हता.

दिवाळीला नऊ दिवस. रावपुऱ्यात
आमच्या बोळाच्या तोंडाशी, देसाईंच्या भिंतीला शिडी,
शिडीवर एक माणूस, हातात पिस्ता रंगाचं डबडं.
मी रिव्हर्स घेतला.
आरशात शिडीचे फक्त दोन पाय दिसत होते,
मला वाटलं, मांडवाचे बांबू असतील कुणाचे.
आवाज फारसा झाला नाही.
डबडं आधी पडलं, मग तो.

उजवं मनगट.
सयाजी हॉस्पिटलात त्यानं नाव सांगितलं, नरसिंग राठवा,
आणि मलाच विचारलं,
सांडलेल्या रंगाचे पैसे शेठ कापून घेईल का?

कनुभाईंचा फोन: काही कबूल करू नका,
पैसे देऊ नका, शब्दही देऊ नका,
पॉलिसीत तशी अट आहे. कंपनी बघेल.
मी डब्यात पोळ्या आणि बटाट्याची भाजी भरली होती.
बराच वेळ विचार करत उभी होते,
ही कबुली धरतात का.
मग नेलीच.

रात्री चष्मा लावून पॉलिसी पहिल्यांदा वाचली.
तिऱ्हाइताची मालमत्ता: साडेसात लाखांपर्यंत.
देसाईंची भिंत त्यात बसत होती, शिडी बसत होती, डबडंही.
माझी चेपलेली डिकी कुठेच नव्हती.
आणि मृत्यू किंवा शारीरिक इजा, त्यापुढे
रकमेच्या जागी नुसतं: अमर्याद.
एवढा मोठा शब्द
इतक्या बारीक टायपात मी कधी पाहिला नव्हता.

दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात तो अर्जदार,
मी सामनेवाली क्रमांक एक, कंपनी क्रमांक दोन.
तिथं तिसरं कुणीच नव्हतं.
आमचा वकील (आमचाच म्हणायचा) उठला.
मिळकतीचा पुरावा? पगाराची पावती?
मनगट चौदा टक्के गेलं की नऊ?
वय चौतीस, म्हणून गुणक सोळा.
अमर्याद हा शब्द तो पायरी पायरीनं
खाली उतरवत होता,
आणि नरसिंग डाव्या हातानं उजवं मनगट धरून
सगळ्या पायऱ्या ऐकत होता.

मला विचारलं तेव्हा मी म्हणाले,
हो, आरशात पाय दिसले होते.
वकिलानं कपाळाला हात लावला.

अडीच वर्षांनी निकाल. तीन लाखांना थोडे कमी,
निम्मे त्याच्या नावानं मुदत ठेवीत.
माझा एक रुपया गेला नाही.
कंपनीच्या पत्रात लिहिलं होतं,
आपले दायित्व पूर्णपणे फेडण्यात आले आहे.
पत्र मी गॅसच्या पुस्तकात घालून ठेवलं.

डिकीवरचा पिस्ता डाग तसाच आहे.
प्रतापनगरचा गॅरेजवाला चार हजार सांगतो,
ते माझे मला भरायचे.
भरीन कधीतरी, असं त्याला दर सर्व्हिसिंगला सांगते.

यंदा बोळात पुन्हा शिडी.
मी इंजिन बंद केलं, उतरले, वर पाहिलं.
नरसिंग नव्हता. कुणी पोरगा, तोंडाला रुमाल.
"बेन, हटावूं?" तो म्हणाला.
म्हटलं, नको, तुझं होऊ दे.
आणि मांडवीपर्यंत रिक्षानं गेले,
भाड्यावरून भांडत.